जॅझ, गोव्याची पोरे आणि ‘ताज’चा दिवाणखाना

१/ जॅझ हे मोठ्यांचे, शहरी हॉटेलांतले संगीत. प्राथमिक शाळेतल्या मुलांना ते काय कळणार? भारतीय जॅझचा इतिहास याचे नेमके उलट उत्तर देतो. 🧵

२/ आरंभ न्यू ऑर्लिन्सपासून करू. १९१३ साली अकरा वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग तिथल्या मुलांच्या सुधारगृहात दाखल झाला. कॉर्नेटचे रीतसर शिक्षण त्याला तिथल्या बँडमध्ये मिळाले. पुढे जॅझला वळण देणारा वादक तो हाच.

३/ आता गोवा. पोर्तुगीज काळात तेथील अनेक गावांत चर्चला जोडलेली शाळा असे. चर्चचा गायनमास्तर लहान मुलांकडून स्वरलिपी वाचून गाऊन घेई. मग हाती व्हायोलिन येई. उपजीविकेसाठी मुंबईस निघालेल्या गोवेकर तरुणाजवळ ही विद्या असे.

४/ मात्र जॅझ निव्वळ कागदावरून उमगत नाही. त्यातला ठेक्याचा हेलकावा लिहिता येत नाही आणि आयत्या वेळी सुचलेली सुरावट तर मुळीच नाही. ते समोर बसूनच ऐकावे लागते.

५/ ती संधी १९३५ साली आली. अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्याच्या ताफ्यात कुडचड्याचा फ्रँक फर्नांड वाजवू लागला. शाळेने दिलेल्या कानाला जिवंत मैफलीने मोकळीक दिली.

६/ हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ (जन्म १९१६) ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्याने ‘अलबेला’ (१९५१) केला आणि ट्रम्पेटचा तो झणत्कार गावोगावच्या तंबूत पोहोचला.

७/ ‘आशा’ (१९५७) चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ची जन्मकथा अशी सांगतात : बाहेर मुले खेळताना निरर्थक शब्दांची आकडेमोड करीत होती. सी. रामचंद्रांनी ती उचलली; गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणीतले ‘माका नाका’ जोडले. निरर्थक अक्षरे सुरात खेळवणे, यालाच जॅझमध्ये ‘स्कॅट’ म्हणतात. मुलांना ते कुणी शिकवले नव्हते!

८/ जॅझचा दुसरा प्राण म्हणजे एकाने सूर टाकायचा आणि इतरांनी प्रतिसाद द्यायचा. आपल्या भजनात बुवा चरण गातात आणि टाळकरी तो उचलतात, तसेच. गोंदियालगतच्या फुलचूरमधील मुलालाही ही रीत परकी वाटणार नाही.

९/ म्हणून वादक शाळेच्या पटांगणात यावा. त्याने चार स्वर वाजवावेत, मुलांनी टाळ्यांनी उत्तर द्यावे आणि त्या उत्तरातून त्याने पुढची सुरावट रचावी. तो मुलांना समजावील थोडे, पण ऐकेल पुष्कळ. गोव्याच्या मुलांना आधी शाळा भेटली आणि जॅझ पुष्कळ वर्षांनी. आजच्या मुलांना ही दोन्ही एकाच दिवशी का भेटू नयेत?