रक्तपेशींची रांग: सीबीसी यंत्राची गोष्ट

डेंग्यूच्या दिवसांत घरोघरी एकच प्रश्न असतो, "प्लेटलेट किती आल्या?" हा आकडा आज काही मिनिटांत मिळतो. पूर्वी तंत्रज्ञ चौकटी आखलेल्या काचेवर पातळ केलेलं रक्त घेऊन, सूक्ष्मदर्शकातून एकेक पेशी मोजत. डोळे थकत आणि चुका होत.

१९३४ मध्ये मॉन्ट्रियलच्या अँड्र्यू मोल्डावन यांनी पेशी बारीक काचनळीतून वाहू देऊन प्रकाशाच्या मदतीने मोजण्याची कल्पना मांडली. पण नळी अरुंद असेल तर तुंबते आणि रुंद असेल तर पेशी घोळक्याने जातात. १९५३ मध्ये लंडनच्या पी. जे. क्रॉसलँड-टेलर यांनी तोडगा काढला. नळी रुंदच ठेवून, वेगाने वाहणाऱ्या द्रवाच्या मधोमध त्यांनी पेशींची धार हळूहळू सोडली. भोवतीच्या प्रवाहामुळे ती धार बारीक झाली आणि पेशी एकामागून एक जाऊ लागल्या. त्याच वर्षी अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांना विजेच्या साहाय्याने पेशी मोजण्याचं पेटंट मिळालं.

लेसर आला १९६० मध्ये. १९७२ पर्यंत स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटाने पेशी ओळखून वेगळ्या करणाऱ्या यंत्रात तो बसवला. पेशीवर लेसर पडला की प्रकाश विखुरतो. समोर गेलेल्या प्रकाशावरून पेशीचा आकार कळतो, तर बाजूला गेलेल्या प्रकाशावरून आतल्या कणांचा अंदाज येतो. पुढे एचआयव्ही रुग्णांच्या सीडी४ पेशी याच तंत्राने मोजल्या जाऊ लागल्या. आजच्या सीबीसी यंत्रांत वीज आणि लेसर, दोन्ही पद्धती वापरतात.

मात्र पद्धत कोणतीही असो, पेशी सुट्या असतील तरच मोजणी बरोबर येते. काही जणांच्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या औषधामुळे एकमेकींना चिकटतात. यंत्र त्या गुठळ्यांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. मग रक्तात दोन लाख प्लेटलेट असूनही रिपोर्टमध्ये चाळीस हजार दिसू शकतात!

म्हणून अनपेक्षितपणे कमी आकडा आला, तर डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगतात किंवा दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेतात. ही पुन्हा केलेली तपासणी वायफळ खर्च नाही. तिच्यामुळे विनाकारण प्लेटलेट चढवणं टळू शकतं. मात्र हिरड्यांतून, नाकातून रक्त येत असेल किंवा अंगावर लाल ठिपके असतील, तर फेरतपासणीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.