देवळालीच्या मास्तरांचा आकडा

दिवाळीच्या फराळापुढे कुणाला हिशेबाला बसवावे, हा मास्तरकीचा दुष्टपणाच. तरी वाचकहो, आज कागद-पेन्सिल घ्याच. १९४८ हा आकडा लिहा. आमचा उमरगा निजामी अमलातून मोकळा झाला ते हे साल. त्यातले अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९८४१ होतात, चढत्या क्रमाने १४८९. वजाबाकी ८३५२. तिचेही तसेच करा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ घ्या. ७६४१ वजा १४६७, उत्तर पुन्हा ६१७४! आकडा जागचा हलत नाही.

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फार तर सात वजाबाक्यांत ती येथेच येऊन टेकते. मधे उत्तर तीन अंकी आले, तर आधी शून्य धरावे एवढेच.

हे प्रथम हेरले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत मास्तरकी केली. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपल्याकडच्या कित्येक विद्वानांना हे सारे पोरखेळ वाटले. मास्तर आपले टिपण स्वतःच छापून घेत राहिले.

पोरखेळ म्हणावा, तर त्यामागचे कारण पाहा. मोठा अंक वजा लहान अंक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक, या दोहोंवरच उत्तर अवलंबून असते. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करा. त्यामुळे हजारो संख्यांतून पहिल्याच पायरीला फक्त ५४ उत्तरे उरतात. त्या ५४ वाटा तपासल्या, की सगळ्या एकाच वेशीत शिरताना दिसतात.

मास्तरांची नजर इतरत्रही अशीच फिरे. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळवा, पुन्हा २९७! अशा संख्यांना आज जग 'कापरेकर संख्या' म्हणते. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' हे गोड नाव दिले. ६१७४ सुद्धा हर्षदच : अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन.

१९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लेखात त्यांची ओळख करून दिली, तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ साली ते वारले. ज्याला आपण किरकोळ म्हणून बाजूला सारतो, ते खरोखरच किरकोळ असते का, हा प्रश्न शाळाशाळांतून रोज फळ्यापुढे उभा असतो. वर्गातल्या शेवटच्या बाकावरचा, वहीच्या मागच्या पानावर आकडे खेळवणारा पोरगा पाहिला, की मला तो आठवतो.

एक उदाहरण घरच्या मंडळींसाठी राखून ठेवले आहे. मास्तरांचे जन्मसाल १९०५ घेऊन पाहा. योगायोगच म्हणायचा, पण त्याला ६१७४ पर्यंत पोचायला पुरत्या सात पायऱ्या लागतात.