मिशी, मिनीस्कर्ट आणि एमटीव्ही

क्वीनच्या 'आय वाँट टू ब्रेक फ्री'चा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. फ्रेडी मर्क्युरी काळा लेदरचा मिनीस्कर्ट घालून, भरघोस मिशीसकट, घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय! बहुतेकांना वाटतं ही फ्रेडीचीच आयडिया. तर मुळीच नाही. गाणं लिहिलं बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनने आणि बायकांच्या वेषाची कल्पना आली ड्रमर रॉजर टेलरकडून.

साल १९८४, दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. हे विडंबन होतं 'कोरोनेशन स्ट्रीट'चं. ही मालिका ब्रिटनमध्ये १९६० पासून चालू आहे (आपल्या मालिका उगाच बदनाम आहेत). ब्रायन मे नाइटगाऊन आणि केसांना कर्लर्स लावून उठतो, ती त्या मालिकेतल्या हिल्डा ऑग्डेनची नक्कल. टेलर शाळकरी मुलगी आणि डीकन पेपर वाचणारी खडूस आजी. एका तुकड्यासाठी मात्र फ्रेडीने मिशी काढली. त्यात तो निजिन्स्कीच्या बॅलेमधला फॉन झालाय, सोबत रॉयल बॅलेचे नर्तक. माझ्या मते खरं धाडस तिथे आहे, पण बोलतात सगळे स्कर्टबद्दलच.

ब्रिटनमध्ये लोक पोट धरून हसले. गाणं तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं. तिथे ख्रिसमसच्या पँटोमाइममध्ये पुरुषाने बाई होणं ही जुनीच गंमत. आपल्यालाही ते कळायला जड नाही. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा बायका उचलायच्या, आणि 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपण अजून घरच्यांसोबत बसून बघतो. आणि हो, फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फारुख बुलसारा. त्याची पहिली बँड, 'द हेक्टिक्स', तिथलीच.

अमेरिकेत मात्र सगळं फिसकटलं. तिथे कोरोनेशन स्ट्रीट कुणाला माहीत? विनोदाचा संदर्भच गेला, उरला फक्त स्कर्ट घातलेला मिशीवाला रॉकस्टार. एमटीव्हीने नाक मुरडलं. ब्रायन मेने नंतर सांगितलंय की तिकडे व्हिडिओ दाखवताना लोकांचे चेहरे पडायचे. गाणं ४५ व्या नंबरवर अडकलं. चौघांनीही बायकांचे कपडे घातले होते, कल्पना टेलरकडची, पण बोट गेलं ते फ्रेडीकडेच, कारण त्याच्याबद्दल कुजबुज आधीपासूनच होती. हे मला जास्त खटकतं. सगळं खापर व्हिडिओवर फोडणंही बरोबर नाही म्हणा, रेकॉर्ड कंपनी आणि रेडिओवाल्यांमधली भानगडही कारण म्हणून सांगतात. पण १९८२ नंतर फ्रेडीसोबतची क्वीन अमेरिकेत दौऱ्यावर कधीच गेली नाही.

१९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' सिनेमामुळे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर पोचलं. तेव्हा फ्रेडीला जाऊन काही महिने झाले होते.