न्यायमूर्ति तेलंगांचें भिन्नमत

इंडियन लॉ रिपोर्टांच्या मुंबई मालिकेचा सोळावा खंड सामान्य वाचकाच्या हातीं पडण्याचा संभव फार थोडा. वकिलांच्या कपाटांतहि तो बहुधा धूळ खात उभा असतो. परंतु त्या खंडाच्या एकोणतिसाव्या पानापासून आपाजी नरहर विरुद्ध रामचंद्र रावजी या नांवाचा जो खटला छापलेला आहे, तो मुंबईच्या हायकोर्टाच्या इतिहासाविषयीं आस्था असणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी चाळावा असा आहे. त्यांत न्यायमूर्ति काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचें मत सविस्तर दिलेलें आहे. आणि तें पूर्णपीठापुढें अल्पमतांत पडलेलें मत आहे. तेलंगांविषयीं लिहिणारे लोक त्यांचें गीतेचें भाषांतर आणि राष्ट्रीय सभेची स्थापना यांच्या वर्णनांत इतके रमतात, कीं न्यायासनावरील त्यांच्या चार वर्षांना दोन ओळींपलीकडे जागा उरत नाहीं. माझ्या मतें त्यांच्या विद्वत्तेची खरी कसोटी त्या चार वर्षांतच लागली.

चरित्राची रूपरेषा बहुतेकांस ठाऊक आहे. जन्म मुंबईस १८५० सालीं, शिक्षण एल्फिन्स्टनमध्यें, १८७२ मध्यें ॲडव्होकेटच्या परीक्षेंत यश. रामायण होमरच्या काव्यावरून बेतलेलें आहे हें वेबर नामक जर्मन पंडिताचें मत त्यांनीं १८७३ मध्यें, म्हणजे ऐन तेविशींत, सप्रमाण खोडून काढलें. १८८२ मध्यें मॅक्समुल्लर यांच्या प्राच्य धर्मग्रंथमालेंत त्यांचें गीतेचें इंग्रजी भाषांतर निघालें आणि १८८४ मध्यें मुद्राराक्षसाची त्यांनीं संपादिलेली आवृत्ति. पुढें न्या. नानाभाई हरिदास यांच्या निधनानें हायकोर्टांतील जागा रिकामी झाली, ती १८८९ सालीं तेलंगांस मिळाली. वयाची चाळिशी अजून उलटावयाची होती.

या नेमणुकीचें महत्त्व कळण्यास त्या काळच्या अपील कोर्टाची घडण ध्यानांत घेतली पाहिजे. रत्नागिरीपासून अहमदाबादेपर्यंत आणि धारवाडपर्यंतच्या मुलखांतील वांटणी, दत्तक, स्त्रीधन यांचे तंटे शेवटीं याच कोर्टांत येत. पूर्वीं कोर्टांच्या पदरीं शास्त्री नेमलेले असत व धर्मशास्त्राचा प्रश्न निघाला म्हणजे त्यांचा अभिप्राय घेतला जाई. १८६४ च्या कायद्यानें हे शास्त्री गेले. त्यानंतर न्यायाधीशास स्वतः धर्मशास्त्र ठाऊक आहे असें गृहीत धरण्यांत आलें. वस्तुतः त्याच्यापुढें असे तें कोलब्रुकनें १८१० मध्यें केलेलें मिताक्षरेचें भाषांतर, बोराडेलनें केलेलें व्यवहारमयूखाचें भाषांतर, आणि या भाषांतरांवर चढलेल्या जुन्या निकालांचा थर. विश्वनाथ नारायण मंडलिकांनीं १८८० मध्यें मयूखाचें नवें भाषांतर प्रसिद्ध करून पुष्कळ उपकार केले. परंतु मंडलिक वकील होते, न्यायाधीश नव्हते. मूळ पोथी उघडून पंक्तीचा अर्थ स्वतः लावील, आणि तितक्याच अधिकारानें इंग्रजी निकालांचा कीसहि काढील, असा मनुष्य तेलंगांच्या रूपानें न्यायासनावर आला.

आतां तो खटला. प्रश्न दिसण्यांत लहान, पण घराघरांतला होता. बाप आपल्या भावांशीं एकत्र राहत आहे. त्याच्या मुलास आपला हिस्सा वेगळा करून हवा आहे. बापाची मात्र वांटणीस संमति नाहीं. अशा वेळीं मुलाला बाप व चुलते यांच्यावर वांटणीचा दावा लावतां येईल काय? सर चार्ल्स सार्जंट हे त्या वेळीं मुख्य न्यायाधीश होते. बहुमताचा निर्णय असा पडला, कीं बाप स्वतः भावांशीं एकत्र असेपर्यंत त्याच्या संमतीवांचून मुलास वांटणी मागतां येत नाहीं.

तेलंगांनीं हें मानिलें नाहीं. मिताक्षरेप्रमाणें आजोबांपासून आलेल्या मालमत्तेंत मुलाचें स्वामित्व जन्मतःच उत्पन्न होतें, आणि तें बापाच्या स्वामित्वाच्या तोडीचें असतें. बापाची इच्छा नसतांहि अशा धनाची वांटणी मुलाच्या इच्छेनें होऊं शकते, असें विज्ञानेश्वरानें स्पष्ट लिहून ठेविलें आहे. मग बाप भावांशीं एकत्र आहे एवढ्यावरून तो हक्क लटका कां पडावा? हक्क जन्माचा असेल तर त्याची मागणी दुसऱ्याच्या मर्जीवर टांगून ठेवतां येत नाहीं, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. एका बाजूस वर्षानुवर्षें चालत आलेली कोर्टाची समजूत आणि दुसऱ्या बाजूस मूळ ग्रंथ असा पेंच पडला असतां ते ग्रंथाकडे गेले. विशेष हें, कीं ग्रंथाकडे जाऊन ते अधिक जुनाट झाले नाहींत, उलट मुलाच्या स्वातंत्र्याच्या बाजूस आले. शास्त्राधार धरणारा तो सनातनी अशी जी ढोबळ समजूत आपल्याकडे आहे, तिला येथें चांगलाच तडा जातो.

मद्रास व अलाहाबाद येथील हायकोर्टांनीं तेलंगांच्या मताशीं जुळणारा मार्ग धरिला. मुंबई इलाख्यांत मात्र बहुमताचाच नियम चालू राहिला. सार्जंटसाहेबांपुढें तेलंगांची बाजू पडण्याची ही पहिली वेळ नव्हती. रखमाबाईच्या गाजलेल्या खटल्यांत तेलंग हे तिच्या वकिलांपैकीं एक होते. १८८५ मध्यें न्या. पिन्ही यांनीं तिच्या बाजूनें दिलेला निकाल पुढील वर्षीं अपिलांत सार्जंट व बेली यांनीं फिरविला होता.

ग्रंथ आणि चाल यांतील हा झगडा तेलंगांस कोर्टाबाहेरहि चुकला नाहीं. ‘शास्त्र व रूढि यांच्या बलाबलाविषयीं विचार’ या नांवाचा त्यांचा मराठी निबंधच आहे. १८८६ मधील एका इंग्रजी व्याख्यानांत त्यांनीं, राजकीय सुधारणेपूर्वीं सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे हा आग्रह नाकारून, जेथें विरोध कमी तेथें आधीं पाऊल टाकावें असें प्रतिपादन केलें. व्यवहारचातुर्याच्या दृष्टीनें तें ठीक आहे. पण १८९३ मध्यें त्यांनीं स्वतःच्या मुलीचें लग्न अल्पवयांत लावून दिलें, तेव्हां सुधारकांनीं त्यांच्यावर कडक टीका केली, आणि ती टीका अन्यायाची होती असें मला म्हणवत नाहीं. न्यायासनावर ज्यानें सहकाऱ्यांचा विरोध पत्करला, त्याला घरीं रूढीचा विरोध पत्करवला नाहीं. कोर्टांत एकटें पडण्यास विद्वत्ता पुरते. माजघरांत एकटें पडण्यास निराळें कांहीं लागत असावें. चरित्रकारांनीं हा प्रसंग झांकून ठेवण्यांत तेलंगांचा गौरव होतो असें मानण्याचें कारण नाहीं.

ज्या जन्मसिद्ध हक्कासाठीं ते भांडले, तो त्या काळीं पुत्रांपुरताच होता. मुलींचा तेथें प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रानें १८९१ च्या त्या निकालानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं, म्हणजे १९९४ मध्यें, आणि साऱ्या देशानें २००५ मध्यें वारसा कायद्यांत दुरुस्ती करून एकत्र कुटुंबांतील मुलीला तो हक्क जन्मतःच दिला.

१८९२ मध्यें तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु झाले. त्या जागीं बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. १ सप्टेंबर १८९३ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले. हायकोर्टांत त्यांच्या जागीं महादेव गोविंद रानडे आले. मराठी बखरींवरून पेशवाईंतील सामाजिक स्थितीचा शोध घेणारा तेलंगांचा एक इंग्रजी निबंध होता. १९०० मध्यें मराठी सत्तेच्या उदयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करतांना रानड्यांनीं तो त्यांत अखेरीस जोडून दिला.