पावसात फोन बोट का ओळखत नाही? त्वचा, नखं आणि फिंगरप्रिंटची संपूर्ण माहिती

जुलैचा पाऊस. ठाणे स्टेशनवर पूर्वेला, कोपरीच्या बाजूने तुम्ही बाहेर पडता. रिक्षाचे पैसे द्यायला फोन काढता, बोट ठेवता आणि फोन म्हणतो, 'पुन्हा प्रयत्न करा'. मित्रांनो, सेन्सर बिघडलेला नसतो. असं का होतं, हे समजण्यासाठी आधी आपली त्वचा समजून घेऊया.

त्वचेचे थर

त्वचा हा शरीराचा सर्वात मोठा अवयव. मोठ्या माणसाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण १.५ ते २ चौरस मीटर भरतं.

- बाह्यत्वचा: सर्वात वरचा थर. खालून नव्या पेशी तयार होतात, वरच्या मृत पेशी झडून जातात. हा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. रंग देणारं मेलॅनिन इथेच बनतं.
- अंतस्त्वचा: इथे रक्तवाहिन्या, स्पर्श ओळखणाऱ्या नसा, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं असतात.
- खालचा चरबीचा थर: धक्का सोसतो, ऊब टिकवतो.

बोटावरच्या रेषांचा मूळ साचा पहिल्या दोन थरांच्या सीमेवर असतो. म्हणून वरवर खरचटलं तर तीच नक्षी परत येते; जखम अंतस्त्वचेपर्यंत गेली तर मात्र कायमचा व्रण राहतो. हा साचा आपण आईच्या पोटात असतानाच तयार होतो आणि जुळ्या भावंडांचाही वेगळा असतो.

केस, नखं आणि ग्रंथी

ही त्वचेची उपांगं. केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, हाताची नखं साधारण ३ मिलीमीटर. टचस्क्रीन त्वचेतून विद्युतभार ओळखते; नखातून वीज नीट वाहत नाही, म्हणून नुसत्या नखाने टाइप होत नाही.

तळहातावर आणि बोटांच्या टोकांवर तैलग्रंथी नसतात, घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर. मग स्क्रीनवर तेलकट डाग कुठून येतात? आपण चेहऱ्याला, केसांना हात लावतो ना, तिथून!

सेन्सर काय बघतो?

कपॅसिटिव्ह सेन्सरवर बोटाचे उंचवटे टेकतात आणि खाचांमध्ये हवा राहते. त्या फरकातून नक्षी तयार होते. बोट ओलं असेल तर खाचांत पाणी भरतं आणि फरक पुसला जातो. बराच वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं सुरकुततात, कारण नसांच्या आदेशाने आतल्या रक्तवाहिन्या आकसतात. तेव्हा नक्षीचा आकारही बदलतो. ऑप्टिकल सेन्सर प्रकाशाने फोटो काढतो, तर अल्ट्रासॉनिक सेन्सर ध्वनिलहरी वापरतो आणि ओल्या बोटाला सहसा जास्त सांभाळून घेतो.

फोनपुरता प्रश्न नाही

देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आज रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा लागतो. पण सिमेंट कालवणारे, भांडी घासणारे, मासळी साफ करणारे यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. वय वाढलं की त्वचा कोरडी आणि पातळ होते. आजीचा अंगठा लागला नाही, तर त्यात तिची काही चूक नाही.

मग काय करायचं?

१. बोट धुऊन, कोरडं पुसून ठेवा. फारच कोरडं असेल तर थोडं मॉइश्चरायझर लावा.
२. दुसरं बोट वापरून बघा. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते.
३. फोनमध्ये एकच बोट दोनदा नोंदवा.
४. आधार पडताळणीत बुबुळ, चेहरा आणि ओटीपी हेही मार्ग आहेत. दुकानात कोणता चालतो, ते विचारा. मोबाइल नंबर आधारला जोडलेला ठेवा.
५. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवता येतात.
६. वापर नसेल तेव्हा आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

घरात कुणाचा अंगठा मशीनवर लागत नसेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा आणि पुढच्या वेळी दुकानात त्यांच्यासोबत जा.