रुळांखालचे स्लीपर आणि प्रकाशाची फणी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात गेली सहा दशके रेल्वेचे रूळ घडत आहेत. हावडा–मुंबई मार्ग याच शहरातून जातो, आणि देशभरातील लोहमार्गांच्या कडेने आज प्रकाशीय तंतूंच्या केबली पुरलेल्या आहेत. त्या तंतूंचे भवितव्य ज्या उपकरणाशी जोडले जात आहे, ती ‘प्रकाशीय वारंवारता-फणी’ मात्र दूरसंचारासाठी जन्मलीच नव्हती.

मूळ अडचण मोजणीची होती. दृश्य प्रकाशाची वारंवारता सेकंदाला सुमारे ५०० लाख कोटी आवर्तने. इतक्या वेगाने मोजणारे इलेक्ट्रॉनिक गणक नाही. म्हणून सीझियमच्या घड्याळापासून पायरीपायरीने वर चढणारी लेसरांची व आंदोलकांची साखळी उभारावी लागे. १९९६ साली जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने कॅल्शियमची तांबडी रेषा अशीच मोजली. एवढ्या खटाटोपातून हाती येई एक वारंवारता. दुसरी हवी असेल तर साखळी पुन्हा नव्याने जुळवायची!

थिओडोर हेन्श यांना हायड्रोजनचा वर्णपट अचूक मोजायचा होता. ठरावीक कालांतराने अतिलघू स्पंद सोडणाऱ्या लेसरच्या वर्णपटात समान अंतरावरच्या असंख्य रेषा असतात, म्हणजे फणीचे दातेच. १९७८मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी सोडियमच्या अणूवर ही कल्पना वापरूनही पाहिली. पण फणी फारच अरुंद होती. पुढची वीस वर्षे ती जवळजवळ तशीच राहिली.

दाते म्हणजे रुळांखालचे स्लीपर समजा. त्यांच्यातील अंतर ठाऊक असेल तर ते मोजून लांबी काढता येते. परंतु पहिला स्लीपर शून्यापासून किती सरकलेला आहे? हे सरकणे कळल्यावाचून सारी मोजणी लटकी. यावरची युक्ती मोठी सुंदर आहे. तांबड्या टोकाकडील एका दात्याची वारंवारता दुप्पट करायची आणि निळ्या टोकाकडील दुप्पट क्रमांकाच्या दात्याशी ताडून पाहायची. उरलेला फरक म्हणजेच ते सरकणे. मात्र त्यासाठी फणी पूर्ण सप्तकभर रुंद हवी. ती रुंदी १९९९मध्ये बेल प्रयोगशाळेत सूक्ष्म छिद्रांच्या काचतंतूने साधली, म्हणजे मापनशास्त्राला हवा असलेला दुवा दूरसंचाराच्या घरातून आला. वर्षभरातच जॉन हॉल यांच्या बोल्डरच्या गटाने आणि हेन्श यांच्या गटाने स्वतःच स्वतःला पडताळणारी फणी सिद्ध केली. २००५च्या भौतिकीच्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला.

पुण्याच्या ‘आयुका’त इटर्बियम आयनाचे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे, अशा घड्याळाचे ठोके मोजायला फणी लागतेच. २०२३मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानातही अणुघड्याळांना स्थान आहे.

दूरसंचाराचे दार उघडले ते २००७नंतर, सूक्ष्म वलयाकार पोकळीतून फणी निघू लागल्यावर. आज एकाच तंतूतून अनेक रंगांत संदेश जातात आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र लेसर असतो. हे लेसर थोडेथोडे भरकटतात, म्हणून रंगांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. फणीचे दाते एकत्रच हलतात. ती जागा वाचते. २०२०मध्ये मेलबर्न येथे एका चिपवरील फणीच्या आधारे ७६.६ किलोमीटर साध्या तंतूतून सेकंदाला ४४.२ टेराबिट माहिती पाठवली गेली. व्यापारी जाळ्यांत मात्र ती अजून रुळलेली नाही. चिपवरील फणीच्या एकेका दात्याला मिळणारी शक्ती फार थोडी असते, आणि ती वाढवताना गोंगाटही वाढतो.