जुन्या बाजारांतील लष्करी पदकें : एक उपेक्षित साधन

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं निघोजे (ता. खेड, जि. पुणें) येथील एका भंगाराच्या दुकानीं, फुटक्या पितळी भांड्यांच्या ढिगांत, प्रस्तुत लेखकास एक चांदीचें पदक मिळालें. दुकानदारानें तें कांट्यावर टाकून चांदीच्या भावानें दिलें. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर असून वजन अडीच तोळ्यांच्या आसपास भरतें. दर्शनी बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचें डावीकडे वळलेलें मस्तक आहे. पाठीमागें अश्वारूढ नग्न पुरुष, घोड्याच्या टापांखालीं गरुडाची ढाल व कवटी, आणि १९१४ व १९१८ हीं सालें आहेत. फीत नाहींशी झाली आहे. वरची आडवी दांडी मात्र शाबूत आहे.

हें पहिल्या महायुद्धाचें सर्वसाधारण पदक होय. अशीं चांदीचीं पदकें सुमारें ६५ लक्ष पाडलीं गेलीं, तेव्हां दुर्मिळतेच्या दृष्टीनें त्याची मातब्बरी नाहीं. मातब्बरी आहे ती त्याच्या कडेची. तेथें बारीक ठशांनीं इंग्रजींत एक अनुक्रमांक, शिपायाचा हुद्दा, एक मराठी नांव व ११० व्या मराठा पलटणीचें नांव उठविलें आहे. नांव व अनुक्रमांक येथें मुद्दाम देत नाहीं. वंशज हयात आहेत व त्यांची तशी इच्छा आहे.

आपल्या मंडळींस नाण्याची चित बाजू व पट बाजू वाचण्याची संवय असते, कडेकडे सहसा कोणी पाहत नाहीं. परंतु इंग्रजी अमलांतील लष्करी पदकाची कडा म्हणजे पलटणीच्या दप्तरांतील एक अस्सल ओळच समजावी. १८५१ सालीं कंपनीच्या जुन्या मोहिमांसाठीं जें पदक मंजूर झालें, त्याच्या फितीवरील पट्ट्यांत असई, आरगांव, गाविलगड, खडकी, पुणें, कोरेगांव हीं आपल्याच इतिहासांतील नांवें आहेत. तें त्या सालापर्यंत जिवंत राहिलेल्यांसच मिळावयाचें होतें. म्हणजे खडकीच्या लढाईनंतर ३४ वर्षें जगलेल्या शिपायास. साहजिकच तीं पदकें थोडीं आहेत व खोटीं पुष्कळ. खोटें करण्याची मुख्य रीत अशी कीं, साध्या पदकाची कडा कानसून जुनें नांव घालवावयाचें व त्या जागीं नवें ठोकावयाचें. कानशीनें धातु जातो, त्यामुळें व्यास कमी भरतो. मापणी बरोबर असली म्हणजे ही लबाडी दुकानांतच उघडकीस येते. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतींत तर हिंदी पदकांचें महत्त्व विशेष आहे. खुद्द ब्रिटिश सैनिकांस त्या युद्धाचे तारे व पदकें नांवाशिवाय दिलीं गेलीं. हिंदुस्थानांत वांटलेल्यांवर मात्र नांवें ठोकलीं होतीं. विलायतेंतील संग्राहकास जें मिळत नाहीं तें पुण्याच्या जुन्या बाजारांत पथारीवर पडलेलें असतें.

निघोज्याच्या पदकावरील पलटणीकडे वळूं. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री ही 'पुणें डिव्हिजन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनीबरोबर इराकांत लढली. १०३ वी व ११७ वी या मराठा पलटणीहि तींतच होत्या. कूत-अल-अमारा येथें डिसेंबर १९१५ मध्यें या सैन्यास वेढा पडला आणि १४७ दिवसांनीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, सुमारें १३,००० माणसें तुर्कांच्या स्वाधीन झालीं. त्यांपैकीं पुष्कळ कैदेंत मेलीं. इराकच्या मोहिमेंत पडलेल्या व ज्यांच्या अंत्यस्थानाचा ठिकाणा नाहीं अशा ४०,००० हून अधिक लोकांचें स्मारक बसरा येथें १९२९ सालीं उघडण्यांत आलें. त्याच्या शिळांवर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं, हिंदी अंमलदारांचीं कोरलीं. हिंदी शिपाई मात्र पलटणवार आंकड्यांनीं मोजले. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानें २०२१ सालीं आपल्याच अहवालांत हा भेदभाव झाल्याचें मान्य केलें. नांवें आयोगाच्या नोंदवहींत होतीं, दगडावर नव्हतीं. आपल्याकडेहि कित्येक गांवीं त्या युद्धाच्या ज्या संगमरवरी पाट्या बसविलेल्या आहेत त्यांवर किती गेले व किती पडले हे आंकडेच वाचावयास मिळतात.

तेव्हां भांड्यांच्या ढिगांतील ती चांदीची कडा काय आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईल. मेलेल्या सैनिकाच्या वारसास कांस्याची सुमारें १२ सेंटिमीटर व्यासाची एक तबकडीहि मिळत असे, व तीवर हुद्दा न घालतां केवळ नांव असे. ती भंगारवाल्याच्या लेखीं पितळ होय. वजनानें जाते, भट्टींत जाते. चांदीच्या पदकांच्या तर पाटल्या-तोडे झाले.

ही वस्तु निघोज्यास कशी आली? चाकणची औद्योगिक वसाहत निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या गांवांच्या शिवारांत पसरली. फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. जमिनींचा मोबदला आला, तशीं मातीचीं घरें उतरून सिमेंटचीं झालीं. उतरलेल्या घराच्या माळ्यावरील सामान प्रथम गांवच्या भंगारवाल्याकडे जातें, तेथून मोठ्या गोदामांत. इंद्रायणीच्या दक्षिणेस कुदळवाडींत अशीं गोदामें फार होतीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें महापालिकेनें तीं पाडलीं. जें वितळत नाहीं तें पुण्यास मंगळवार पेठेंतील रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारांत, व त्याहून निवडक तें मुंबईस चोर बाजारांत पोंचतें. या वाटेवर प्रत्येक टप्प्यास वस्तूची किंमत वाढते आणि तिची हकीकत कमी होते. गांवच्या भंगारवाल्यास निदान हें तरी ठाऊक असतें कीं, ती कोणत्या वाडीहून आली. मुंबईच्या दुकानांत तिला नवी हकीकत मिळते.

या नव्या हकीकतींचा अनुभव लेखकास तलवारींच्या बाबतींत चांगलाच आला आहे. चाकणच्या संग्रामदुर्गास १६६० च्या जून ते ऑगस्टमध्यें शाइस्तेखानाचा वेढा पडला व फिरंगोजी नरसाळ्यानें तो सुमारें ५५ दिवस झुंजविला, हें सर्वश्रुत आहे. म्हणून चाकणचा ग्राहक दिसला कीं त्या वेढ्यांतील तलवार निघते! पूर्वीं अशी एक तलवार मीं भारी मोल देऊन घेतली. घरीं आणून मुठीस शेक देतांच लाख वितळली व पातें हातांत आलें. लाख ताजी होती. आपल्या तलवारींचें पातें मुठींत लाखेनेंच बसविलेलें असतें, त्यामुळें जुनी मूठ व नवें पातें यांचें लग्न लावणें हें घटकाभराचें काम आहे. पात्यावरील विळ्यासारख्या खुणांवरूनहि हुरळून जाऊं नये. त्या जिनोव्याच्या खऱ्या. पण युरोपांत व आपल्या देशींहि लोहारांनीं त्यांच्या नकला जुन्या काळापासून केल्या आहेत. तेजाबानें आणलेला गंज नारिंगी व भुसभुशीत असतो, कालानें आलेला काळसर व घट्ट. याहून अधिक या विषयांत शिरण्याचें येथें कारण नाहीं.

कायद्याविषयीं दोन शब्द अवश्य आहेत. १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें, दुरुस्तीनंतरहि जी चालूं शकणार नाहीं अशी कालबाह्य किंवा पुराणवस्तु म्हणून मोलाची बंदूक परवान्याच्या कक्षेबाहेर ठेविली आहे. चालूं शकणारी ठासणीची बंदूक मात्र जुनी म्हणून सुटत नाहीं. शंभर वर्षांवरील वस्तु १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुराणवस्तु ठरूं शकते, व तिची परदेशीं रवानगी खासगी व्यक्तीस करतां येत नाहीं. खडकीच्या कारखान्याचीं 'के. एफ.' अक्षरें बुडाशीं असलेल्या रिकाम्या पुंगळ्या बाजारांत दिसतात. भरलेलें काडतूस अगर गोळा दिसल्यास हातहि लावूं नये, पोलिसांस कळवावें.

पदकाच्या मूळ ठिकाणाविषयीं भंगारवाल्यास विचारलें असतां त्यानें आढेवेढे न घेतां वाडीचें नांव सांगितलें. यापूर्वीं दोन पदकें मीं जुन्या बाजारांतून हें न विचारतांच आणलीं होतीं. तीं आज माझ्या पेटींत वारसाशिवाय पडलीं आहेत, व तो दोष माझाच आहे. या वेळीं त्याच दिवशीं वाडी, घर, तारीख, सोबतच्या वस्तु हें सारें लिहून घेतलें व कडेचा ठसा कागदावर उतरविला. आयोगाच्या नोंदवहींत त्याच अनुक्रमांकाची नोंद निघाली. तींत बापाचें नांव होतें, आणि गांवहि तेंच.

घरीं ऐंशीच्या घरांतील एक आजी होत्या. पदक हातांत घेऊन त्या म्हणाल्या, "हा आमच्या आजेसासऱ्यांचा बिल्ला. बसऱ्याला गेले ते आलेच न्हाईत, एवढंच सासूबाई सांगायच्या." नांव विचारलें तेव्हां क्षणभर थांबून त्यांनीं नातवाकडे पाहिलें. नातवासहि तें ठाऊक नव्हतें. कडेवरील नांव मीं वाचून दाखविलें. इंग्रज कारकुनानें तें असें मोडलें होतें कीं, पहिल्या वाचनास तें कोणाच्याच ओळखीचें वाटलें नाहीं. दुसऱ्यांदा सावकाश उच्चारल्यावर आजींनीं तें दुरुस्त करून म्हटलें, व हेंच नांव आपल्या थोरल्या दिराचें होतें, असें सांगितलें.

पदक त्यांच्यापाशीं ठेविलें आहे. ठसा व टिपण माझ्या दप्तरांत आहे. या चांदीच्या पदकाबरोबर त्याच अनुक्रमांकाचें विजयपदक असावयास पाहिजे. तें कांस्याचें, पंख असलेल्या देवतेच्या आकृतीचें असतें. घरांतल्यांच्या सांगण्याप्रमाणें तें आणखी एका बिल्ल्यासह चार-पांच वर्षांपूर्वीं भांड्यांच्या फेरीवाल्यास गेलें. ज्या संग्राहकांच्या पाहण्यांत ११० व्या पलटणीचें, चाकणच्या बाजूनें आलेलें असें पदक असेल, त्यांनीं त्याच्या कडेचें वाचन कृपा करून कळवावें.